वेबर : बचतीतून वेगाकडे

पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पेट्रोल महाग होते. 1923 मध्ये एदोआर्दो वेबर यांनी बोलोन्या शहरात कार्ब्युरेटरचा कारखाना काढला, तो इंधनाची बचत डोळ्यांसमोर ठेवून.

कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि पेट्रोल हवेत ओढले जाते. नळी लहान असेल तर वेगात हवा अपुरी पडते. मोठी असेल तर संथ चालीत मिश्रण बिघडते. वेबर यांनी एकाच कार्ब्युरेटरमध्ये दोन नळ्या बसवल्या : संथ चालीसाठी लहान, वेगासाठी मोठी.

1930 च्या दशकात शर्यतींसाठी त्यांनी दोन्ही नळ्या समान आकाराच्या केल्या. आता प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी मिळाली. अल्फा रोमिओ आणि मासेराती यांच्या शर्यतीच्या गाड्यांनी ही रचना स्वीकारली.

1945 मध्ये, युद्ध संपताच, वेबर बोलोन्यातून बेपत्ता झाले. ते पुन्हा कधीच सापडले नाहीत. 1952 मध्ये कारखाना फियाटच्या ताब्यात गेला.

1962 च्या फेरारी 250 जीटीओच्या इंजिनात 12 सिलिंडर होते आणि त्यांवर सहा वेबर कार्ब्युरेटर, प्रत्येकी दोन नळ्यांचे. वेबर यांचीच रचना, त्यांच्याच नावाने. ती पाहायला ते मात्र उरले नव्हते.