पोल्त्सामा : दुर्ग आणि साप्ताहिक

एस्टोनियातील पोल्त्सामा या नदीकाठच्या लहानशा नगराचा इतिहास तेथील दुर्गापासून सांगण्याची प्रथा आहे. तो १२७२ मध्ये जर्मन धर्मयोद्ध्यांच्या लिव्होनियन संघाने उभारला. १५७० मध्ये झार चौथा इव्हान याने डेन्मार्कच्या राजाचा भाऊ मॅग्नस यास लिव्होनियाचा राजा केले. त्या नाममात्र राजाचे वास्तव्य येथेच होते. अठराव्या शतकात जमीनदार फोन लाऊ याने दुर्गाचा विलासी प्रासाद केला. १९४१ च्या युद्धात तो जळाला; उरल्या त्या भिंती.

या धन्यांपैकी कोणाच्याही कारभाराची भाषा एस्टोनियन नव्हती. ती भूदासांची बोली गणली जाई. परंतु १७६६ मध्ये याच गावी वैद्य पेटर एर्न्स्ट विल्डे याने जर्मनमध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक मजकुराचा पाद्री आउगुस्ट विल्हेल्म हूपेल याने अनुवाद केला, आणि एस्टोनियन भाषेतील पहिले नियतकालिक निघाले. १७६७ मध्ये हे साप्ताहिक बंदही पडले. तथापि, प्रासाद धन्यासाठी होता, साप्ताहिक कुणब्यासाठी. एका भाषेच्या नियतकालिकांचा आरंभ अनुवादाने, तोही रोगनिवारणार्थ, व्हावा, ही गोष्ट भाषांतरास दुय्यम लेखणाऱ्या समीक्षेने अवश्य ध्यानी घ्यावी.