गोकाकची दरी

सीमाभागातल्या मराठी घरांत ‘गोकाक’ म्हटले की १९८१ चा भाषाविषयक अहवाल आणि १९८२ चे आंदोलन आठवते. अहवाल ज्या समितीचा, तिचे अध्यक्ष कन्नड साहित्यिक वि. कृ. गोकाक. गावाची ओळख मात्र याहून पुष्कळ जुनी आहे.

पावसाळा ओसरताना आम्ही चौघे मित्र सायकलींवरून कोण्णूरच्या वाटेने तिकडे गेलो. संथ वाहणारी घटप्रभा एकाएकी वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे १७० फूट खाली कोसळते. पुढे उभ्या कातळभिंतींची दरी. काठावर चालुक्य शैलीतली देवळे. आम्ही सायकली टेकवल्या नि बराच वेळ कोणीच बोलले नाही.

या उडीतले बळ इंग्रजी अमदानीत व्यापाऱ्यांनी हेरले. १८८५ मध्ये इथे गिरणीची कंपनी निघाली आणि पडत्या पाण्याच्या जोरावर सूत निघू लागले. दरीवर सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल आला. आपण ज्याला देखावा म्हणतो, तो कामगारांच्या कित्येक पिढ्यांचा रोजगार होता.

वरच्या अंगाला हिडकलचे धरण नि धुपदाळचा बंधारा पाणी कालव्यांकडे वळवतात. म्हणून उन्हाळ्यात धबधबा रोडावतो. त्याचे वैभव शेतांत गेलेले असते.

घटप्रभा महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत उगवते आणि कर्नाटकात कृष्णेला मिळते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने माणसांना एक बाजू घ्यायला लावली; नदीला ती सक्ती झाली नाही. आपल्या मुलांना गोकाक दाखवायचे, तर आधी ही दरी दाखवावी, वाद मागाहून सांगावा.