समाजसेवेचे शिक्षण: नागपाड्यापासून कारखान्यापर्यंत

समाजसेवा ही वर्गात बसून शिकण्याची गोष्ट आहे काय? भुकेल्यास अन्न द्यावे, आजाऱ्याची शुश्रूषा करावी, हे सांगायला प्राध्यापक कशाला हवा, असे पुष्कळ सज्जनांना वाटत आले आहे. आम्हा कामगार कार्यकर्त्यांतही पदविका घेऊन आलेल्या सेवकाकडे थोडे संशयानेच पाहिले जाते. त्या संशयात तथ्य किती आणि पूर्वग्रह किती, हे इतिहासाच्या आधारे तपासावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

सेवेसाठी तयारी लागते, हा विचार आपल्याकडे परका नव्हता. नामदार गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सभासदांसाठी पाच वर्षांची उमेदवारी ठेवली होती. देशाची आर्थिक व राजकीय स्थिती अभ्यासल्यावाचून देशसेवा करू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. याच संस्थेतले ना. म. जोशी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगच्या उभारणीत पुढे झाले आणि 1920 साली आयटकच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. पण ही तयारी व्रतस्थांची होती. असे व्रत घेणारे थोडेच असणार. गिरणगाव मात्र लाखो माणसांचे होते.

ही उणीव ओळखली ती क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने. नागपाड्याच्या दाट वस्तीत, जिथे अनेक धर्मांची गरीब माणसे एकमेकांना खेटून राहत होती, तिथे त्यांनी 1926 साली नेबरहूड हाऊस ही संस्था उभी केली. काम करताना त्यांना दिसले की, मनात कळवळा असलेली माणसे मिळतात, पण वस्तीची पाहणी करणारी आणि संस्था चालवू शकणारी माणसे मिळत नाहीत. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने त्यांची योजना उचलून धरली आणि 1936 साली नागपाड्याच्या त्याच वास्तूत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. 1944 साली या संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले, 1954 साली ती देवनारला गेली आणि 1964 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

हे शिक्षण नेमके त्याच सुमारास का उगवले? गिरण्यांत जॉबरचे राज्य होते. कामावर घेणारा तो, काढणारा तो आणि त्याबद्दल दस्तुरी उकळणाराही तोच. 1931 साली कामगारविषयक शाही आयोगाने, नोकरभरती जॉबरच्या हातून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी शिफारस केली. 1934 च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबई सरकारने कायदा करून कामगारांची बाजू मांडण्यासाठी सरकारी मजूर अधिकारी नेमला. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी असलाच पाहिजे, असे ठरविले. सेवेला अशा रीतीने पद मिळाले, आणि पदाला शिक्षणाची अट आली.

खरी मेख येथेच आहे. कायद्याने अधिकारी दिला, पण त्याचा पगार मालकाच्या तिजोरीतून. एका कारखान्यातील अशा अधिकाऱ्याने पाळणाघराच्या दुरवस्थेचा मुद्देसूद अहवाल लिहिलेला मी पाहिला आहे. तो व्यवस्थापकाच्या खणातच राहिला. त्या गृहस्थांचे शिक्षण कमी पडले नव्हते. त्यांच्या पाठीशी उभे राहणारे कोणी नव्हते. विषयाची नावेही कशी बदलत गेली पाहा: आधी श्रमकल्याण, मग कर्मचारी व्यवस्थापन, मग मानव संसाधन. माणसाचे कल्याण पाहणारी विद्या माणसालाच संसाधन म्हणू लागली, हा बदल केवळ शब्दांचा नव्हे.

म्हणून हे शिक्षण नको, असे मात्र मी म्हणणार नाही. मी स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. ताळेबंद वाचायला आणि कायद्याचे कलम उलगडायला मला वर्षे लागली. ती वर्षे माझ्यामागच्या कामगारांच्या हिताची नव्हती. अज्ञानाला त्याग समजण्याची चूक चळवळीने करू नये. परंतु पदवीनंतरचे शिक्षण म्हणजे पदवीपर्यंत पोहोचलेल्यांचे शिक्षण, हेही विसरून चालणार नाही. 1958 साली नागपूर येथे मुख्यालय ठेवून केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि कामगारांतूनच शिक्षक तयार करण्याचा उपक्रम चालला. तो मार्ग आणि विद्यापीठाचा मार्ग हे कोठेतरी एकत्र यावयास हवे होते. पण एका दारातून अधिकारी बाहेर पडले आणि दुसऱ्यातून कार्यकर्ते.

तात्पर्य, सेवेच्या नेतृत्वाला विद्या हवी, हे नागपाड्याने सिद्ध केले. ती विद्या कोणाला जबाबदार राहील, हे मात्र अभ्यासक्रम ठरवू शकत नाही. आपल्या गावातील रुग्णालय, वसतिगृह वा कारखाना येथे शिकलेला सेवक येईल, तेव्हा त्याची पदविका जरूर पाहावी. पण त्याचा अहवाल कोणाच्या हाती जातो, हेही विचारावे. तो अहवाल ज्यांच्याविषयी लिहिला, त्यांना वाचावयास मिळाला, तर त्या शिक्षणाचे सार्थक झाले असे समजावे.