वेगनियंत्रक कॅमेरा

वाहनाचा वेग मोजून तो विहित मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास पुराव्यादाखल वाहनाचे छायाचित्र आपोआप घेणारे उपकरण. वेग दुप्पट झाल्यास वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. त्यामुळे धडकेची सर्वाधिक झळ पादचाऱ्याला पोहोचते.

ब्रिटनमध्ये मोटारगाडीखाली सापडून पादचाऱ्याचा पहिला मृत्यू १८९६ मध्ये लंडन येथे घडला. त्याच वर्षी वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत (सु. २२ किमी.) व १९०३ च्या कायद्याने २० मैलांपर्यंत वाढविण्यात आली. मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांना उभे राहून पोलीस घड्याळाने वेग ठरवीत. अशा सापळ्यांची पूर्वसूचना चालकांना देण्यासाठी १९०५ मध्ये ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही संस्था निघाली. १९३० मध्ये मोटारींवरील वेगमर्यादाच रद्द झाली. १९३४ मध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली आणि १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशी ३० मैलांची (सु. ४८ किमी.) मर्यादा पुन्हा लागू झाली.

या कॅमेऱ्याचा एक प्रमुख प्रवर्तक मॉरिस गॅट्सोनिडीस (१९११–९८) हा डच मोटारशर्यतपटू होता. वळणावरील स्वतःचा वेग अजमावण्यासाठी त्याने वेगमापक तयार केला. रस्त्यावर आडव्या ताणलेल्या पहिल्या रबरी नळीवर चाक येताच घड्याळ सुरू होई व दुसरीवर येताच थांबे. १९५८ मध्ये त्याने उपकरणनिर्मितीची कंपनी काढली. पुढे नळ्यांऐवजी रडार व त्याला जोडलेला कॅमेरा वापरात आला [⟶ रडार]. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे व रस्त्यावरील पांढऱ्या रेषा यांवरून रडारने दिलेला वेग पडताळता येतो.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने अशा पुराव्याला मान्यता मिळाली व १९९२ मध्ये लंडनच्या ट्विकनम पुलावर पहिला कॅमेरा बसविण्यात आला. दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागविण्याच्या २०००–०७ मधील पद्धतीमुळे हे महसुलाचे साधन असल्याचा आक्षेप घेतला गेला. शिवाय ज्या जागी एखाद्या काळात अपघात वाढलेले असतात, तेथे ते पुढे काही अंशी आपोआपच घटतात. ही घट वगळूनच कॅमेऱ्याचे श्रेय ठरवावे लागते. अशा मर्यादा नोंदवूनही, २०१० मधील ‘कॉक्रेन’ समीक्षेत ३५ अभ्यासांच्या छाननीअंती कॅमेऱ्यांमुळे वेग व अपघात कमी होतात, असा निष्कर्ष निघाला.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद झाली. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांद्वारे कारवाई सुरू झाली. तथापि त्या मार्गावर पादचाऱ्यांना मज्जाव आहे. त्यांच्या संरक्षणाच्या दृष्टीने शाळा, रुग्णालये व बाजारपेठा यांलगतच्या रस्त्यांवरील वेगनियंत्रण अधिक निकडीचे ठरते.