शिकारी धनुष्याची सिद्धता व लक्ष्यसाधन : गोदातीरीच्या काही साधनांचा विचार

परभणी जिल्ह्याचा दक्षिण भाग गोदावरीच्या काठाने पसरलेला आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड व पूर्णा या तालुक्यांतून ती वाहत जाते. उत्तरेस जिंतूरच्या बाजूला डोंगरांच्या रांगा आहेत आणि मधली काळी सपाटी दुधना व पूर्णा या नद्यांनी भिजविली आहे. अशा प्रदेशाच्या इतिहासात शिकारीचा उल्लेख बहुधा दोनच ठिकाणी येतो. एक राजांच्या विनोदांच्या वर्णनात आणि दुसरा पारधी जमातीच्या वर्णनात. पहिल्यात वैभव दिसते, दुसऱ्यात दारिद्र्य. परंतु नवे धनुष्य शिकाऱ्याच्या हाताशी कसे जुळविले जात असे, त्याचा बाण कोठे पडतो हे कसे ठरविले जात असे आणि चुकणारा नेम कसा सुधारला जात असे, हा प्रश्न या दोन्ही वर्णनांत सहसा विचारला जात नाही. वस्तुतः शिकार साधते की नाही याचा निर्णय रानात पाऊल टाकण्यापूर्वीच, घराच्या अंगणात, पुष्कळसा झालेला असतो.

या अंगणाचे दर्शन घडविणारे सर्वांत जुने साधन म्हणजे हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती. सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, याच गोदावरीवर परभणीच्या वरच्या अंगाला वसलेले आहे. संग्रहाच्या काळाविषयी मतभेद असून त्यात उत्तरकालीन गाथांची भर पडली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. तथापि तिच्यातील ग्रामजीवन दक्षिणापथाचे आहे आणि गोदेचा उल्लेख तिच्यात वारंवार येतो, याविषयी वाद नाही. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती आला.

या संग्रहात व्याधाच्या संसाराविषयी काही गाथा आहेत. नवविवाहित व्याध दिवसेंदिवस आपले धनुष्य तासून हलके करीत आहे आणि त्याची तरुण पत्नी त्या तासलेल्या ढलप्या गावाच्या रस्त्यांवर विखुरते, जणू आपले सौभाग्यच ती पसरीत आहे, असा एकीचा आशय आहे. दुसरीत व्याधाच्या अंगणातल्या त्याच ढलप्या वावटळीने वर उचलल्या जातात आणि सौभाग्याच्या पताकेसारख्या दिसतात. ध्वनी उघड आहे. पत्नीच्या प्रेमात गुंतलेला तरुण क्षीण झाला आहे आणि पूर्वीचे जड धनुष्य त्याला आता ओढवत नाही. याच जातीची आणखी एक गाथा आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात उद्धृत केली आहे. तीत हस्तिदंत व व्याघ्रचर्म मागण्यास आलेल्या वाण्याला वृद्ध व्याध सांगतो की, विसकटलेल्या बटांची सून घरात वावरत आहे तोवर या वस्तू येथे कोठून मिळणार! टीकाकारांनी या गाथांचा शृंगार पुष्कळ उलगडला, पण ढलप्यांकडे पाहिले नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला त्या ढलप्यांचेच मोल अधिक वाटावे. त्या वाऱ्याने उडतात, म्हणजे पातळ आहेत. दांडा तोडून आखूड केल्याचे हे तुकडे नव्हेत. धनुष्य एकसंध दांड्याचे असून ते पोटाकडून किंवा बाजूंनी थोडे थोडे खरवडून त्याचा ताठरपणा कमी केला जात आहे. हे काम एका दिवसाचे नाही. तासायचे, दोरी चढवायची, ओढून पाहायचे आणि पुन्हा तासायचे, अशी ती रीत आहे. आणि एका अंगाला अधिक तासले गेले तर धनुष्य वाकडे वाकते व बाण बाजूस पडतो. कवीने विनोदासाठी हा तपशील घेतला. पण गावातील प्रत्येकाला धनुष्य तासण्याचा अर्थ ठाऊक होता, म्हणूनच त्यावर विनोद उभा राहू शकला. सर्व व्याधगाथा गोदातीरीच्याच आहेत असे मात्र धरता येणार नाही. विंध्याचे रान व तेथील पुलिंद यांचेही चित्र या संग्रहात आहे.

गाथांत जे कृतीच्या रूपाने दिसते ते शास्त्रग्रंथांत नियमाच्या रूपाने सापडते. शार्ङ्गधराने १३६३ मध्ये संकलित केलेल्या पद्धतीतील धनुर्वेदप्रकरण आणि वसिष्ठाच्या नावावर चालणारी धनुर्वेदसंहिता यांचा पुष्कळसा भाग समान आहे. गाथांहून हे ग्रंथ कितीतरी उत्तरकालीन असल्याने त्यांच्या आधारे गाथांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. पण लाकूड, दोरी आणि हात यांचे गणित शतकांनी फारसे बदलत नाही. धनुष्य आपल्या बाहुबलापेक्षा किंचित कमी जोराचे असावे, असे येथे सांगितले आहे. धनुर्धर धनुष्याहून बलवान असलेला बरा, धनुष्य धनुर्धराहून बलवान नसावे. कारण धनुष्याने पीडलेल्या माणसाला लक्ष्यच दिसत नाही. या वचनापुढे गाथेतील व्याध ठेवला म्हणजे तो केवळ उपहासाचा विषय राहत नाही. आपले बळ उतरले आहे हे ओळखून शस्त्र त्या बळाच्या मापाचे करणारा तो जाणता कारागीर ठरतो.

धनुष्याच्या द्रव्याविषयीही हे ग्रंथ बारकाईने बोलतात. वेळूच्या धनुष्याला तीन, पाच, सात किंवा नऊ पेरी असावीत. चार, सहा, आठ वर्ज्य. यात शुभाशुभाची कल्पना आहे हे खरे. पण विषम पेरांच्या दांड्यात मूठ बरोबर मधल्या पेरावर येते व दोन्ही भुजांना सारखी पेरी मिळतात, असाही एक व्यावहारिक अर्थ लावता येण्याजोगा आहे. लाकडांत धन्वन, म्हणजे आपली धामण, तिच्या लवचिकपणामुळे धनुष्यासाठी प्रसिद्ध होती. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष असेही नाव आहे. प्रत्यंचेसाठी रेशमाचा धागा उत्तम. तो नसेल तर हरिणाची स्नायू, जनावरांच्या कातड्याची वादी, वेळूची साल, रुईच्या सालीचा वाख असे पर्याय दिलेले आहेत. रेशीम राजाच्या शस्त्रागारात असेल. रुई मात्र परभणीच्या कोणत्याही पडीक शेताच्या बांधावर उभी असते.

बाणाची निवड हा पुढचा भाग. अग्रभागी जाड असलेल्या बाणाला स्त्री, मागे जाड असलेल्याला पुरुष व सर्वत्र सारख्या जाडीच्या बाणाला नपुंसक अशी नावे आहेत. पहिला दूर जातो, दुसरा दृढ भेद करतो आणि तिसरा लक्ष्याच्या अभ्यासाला योग्य. नावे चमत्कारिक वाटली तरी विभागणी वजनाच्या वाटणीवर केलेली आहे आणि नेम ठरविताना सारख्या जाडीचे बाण वापरावेत हा निष्कर्ष सर्वस्वी ग्राह्य आहे. दर वेळी बाणच वेगळा असेल तर चूक हाताची की बाणाची हे कळणार कसे?

चुकांचे निदान हा या ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग म्हणावयास हरकत नाही. बाणाच्या सदोष गती तीन सांगितल्या आहेत. पिसे विस्कटलेली किंवा अपुरी असतील तर सूचीमुखी गती होते. कठोर धनुष्य दुबळ्या मुठीने ओढले तर बाण माशाच्या शेपटीप्रमाणे हेलकावत जातो; ती मत्स्यपुच्छा. बाण मुळातच सरळ नसेल तर भ्रमरी. म्हणजे पहिला दोष पिसांचा, तिसरा काडीचा आणि दुसरा धनुष्य व माणूस यांच्या बेबनावाचा. बाण धनुष्यापासून सुटताना दांड्याला वळसा घालून लवत जातो आणि त्याची लवचिकता धनुष्याच्या जोराशी जुळली नाही तर तो थरथरत भरकटतो, हे विसाव्या शतकात शीघ्रगती छायाचित्रणाने स्पष्ट झाले. धनुर्वेदकाराजवळ असले साधन नव्हते. त्याने हेलकावणारा बाण पाहिला आणि दोष कोठे शोधावा हे लिहून ठेवले. गाथेतील व्याध जे तासतो आहे ते या दुसऱ्या दोषावरचेच औषध आहे.

नेम बसविण्याची पुढची पायरी म्हणजे बाण जोडण्याची व ओढण्याची जागा. दोरीवर बाण खाली, सम किंवा वर जोडावा असे तीन प्रकार आहेत. दूर पल्ल्यासाठी खाली, स्थिर लक्ष्यासाठी सम व जोराच्या आघातासाठी वर. खाली जोडलेल्या बाणाचे टोक साहजिकच उंचावते व पल्ला वाढतो. दोरी कोठवर ओढावी यालाही केसांच्या मुळापासून कान, मान व खांदा यांपर्यंत वेगवेगळी स्थाने व नावे दिली आहेत. खांद्यापर्यंतची ओढ दूरच्या व कठीण भेदासाठी. लक्ष्य पुरुषभर उंचीचे, त्यावर चंद्राकृती. अंतर साठ धनुष्ये उत्तम, चाळीस मध्यम, वीस कनिष्ठ. धनुष्य चार हातांचे धरल्यास ही अंतरे सुमारे ११०, ७३ व ३७ मीटर भरतात. स्पर्धेच्या दृष्टीने शेवटचे अंतर कनिष्ठ असेल. दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याच्या दृष्टीने तेच खरे अंतर असावे.

ज्या शस्त्रात ही सगळी जुळवणी बव्हंशी यंत्रावर सोपविलेली असते ते म्हणजे आडवे धनुष्य. त्यात धनुष्य एका दांड्यावर आडवे बसविलेले असून दोरी खाचेत अडकविली जाते, बाण खोबणीत ठेवला जातो आणि कळ दाबताच सुटतो. ओढ दर वेळी तितकीच राहते, बाणाला दांड्याभोवती लवावे लागत नाही आणि नेम धरताना हातावर ताण नसतो. चीनमध्ये हान काळी हे सैन्याचे प्रमुख शस्त्र होते. युरोपात ११३९ च्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याच्या वापरास मनाई केली. भारताच्या सीमेत निकोबार बेटांवर त्याच्या शिकारी वापराच्या नोंदी आहेत. दक्षिणापथात त्याचा निकटचा आप्त शोधायचा तर धनुर्वेदातील नालीक पाहावा लागतो. हे लहान बाण नळीच्या यंत्रातून सोडले जात व उंच, दूरच्या आणि दुर्गयुद्धातील माऱ्याला उपयोगी पडत. गुस्टाव्ह ऑपर्ट याने १८८० मध्ये नालिकेत बंदूक पाहिली, पण लघु बाण आणि त्यांना वाट देणारी नळी एवढाच अर्थ शब्दांतून निघतो. मुख्य म्हणजे ते गडावरचे शस्त्र आहे. मृगयेशी त्याचा संबंध तेथे जोडलेला नाही.

हे आश्चर्याचे नाही. आडव्या धनुष्याची कळ घडविण्यास कुशल लोहार किंवा सुतार लागतो; तासलेल्या दांड्याला एक धारदार विळा पुरतो. आणि सपाटीवरच्या काळविटाला माणूस दुरूनच दिसतो. तेथे शिकार साधते ती जवळ जाता येण्यावर.

कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात हा प्रदेशही होता. त्या वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने ११३० च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात मृगयेचे वर्णन येते, तेव्हा धनुष्याबरोबरच चित्ते, ससाणे, कुत्री व माणसाळविलेले फसवे हरीण यांना महत्त्व मिळालेले दिसते. त्याच ग्रंथातील मत्स्यविनोद गळ, दोर व आमिष यांच्या तयारीत शिरतो, आणि सुंदरलाल होरा यांच्या १९५१ च्या निबंधामुळे तो प्राणिशास्त्रज्ञांनाही परिचित झाला. राजा विनोदासाठी जे करवून घेत होता त्याचे ज्ञान राजाचे नव्हते. हरीण माणसाळविणारे, चित्ता पढविणारे व गळ बांधणारे हात दुसऱ्यांचे होते. ग्रंथात त्यांची नावे नाहीत.

पुढे कमान गेली व बंदूक आली, पण भाषेने जुनी खूण ठेवली. बंदूक रोखताना 'शिस्त धरणे' असे म्हटले जाई. या शब्दाचा संबंध फारसी 'शस्त', म्हणजे अंगठा व तिरंदाजाने अंगठ्यात घालावयाची अंगठी, याच्याशी जोडतात. आज शाळेत शिकविली जाणारी शिस्त अशा रीतीने दोरी ओढणाऱ्या अंगठ्यापर्यंत मागे जाते.

पारध हा शब्द प्राकृत पारद्धि व संस्कृत पापर्द्धि यांच्याशी जोडला जातो. पापाची समृद्धी असा त्याचा फोड करण्यात आला आणि धंद्याच्या नावातच निंदा शिरली. मराठवाड्यात व लगतच्या वऱ्हाडात ज्या जमातीला हे नाव चिकटले तिचे प्रमुख साधन मात्र धनुष्य नव्हते, फास होता; फासेपारधी हे नावच ते सांगते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात फासांच्या माळा खुंट्यांनी जमिनीवर मांडण्याची आणि वऱ्हाडातील गायके पारध्यांनी बैलाच्या आडोशाने सावजाजवळ जाण्याची रीत वर्णिली आहे. धनुष्य हाती घेतलेला पारधी हे पुष्कळ चित्रांतले रूप म्हणूनच या सपाटीपुरते तरी तपासून घ्यावयास हवे. जवळ जाण्याची अडचण त्याने बाणाचा पल्ला वाढवून सोडविली नाही. बैलाला आपल्या चालीने चालावयास शिकवून सोडविली. फासाचीही जुळवणी असते. दोर किती ताणावा, वेढा केवढा ठेवावा, कळप कोणत्या बाजूने व किती सावकाश हाकावा, यांत धनुर्वेदातील संधान व ओढ यांचाच विचार दुसऱ्या द्रव्यात उतरलेला आहे.

फरक पडला तो नोंद घेणाऱ्यांत. धनुष्याची जुळवणी पंडिताने श्लोकबद्ध केली. फासाचे वर्णन लिहिणाऱ्यांत पोलीस अधिकारीही होते. गंथॉर्प याचे १८८२ चे पुस्तक मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांतातील गुन्हेगार जमातींविषयीचे आहे, आणि त्यामागे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा होता. तो १९५२ मध्ये रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटासारख्या प्राण्यांची शिकार निषिद्ध ठरली. काळविटाच्या रक्षणासाठी ते आवश्यकच होते. परंतु त्यानंतर फास मांडण्याचे ज्ञान उघडपणे सांगणे हीदेखील पारध्याला जोखीम वाटू लागली, तर नवल नाही. पारधी वस्त्यांतील वृद्धांकडे साधनाविषयी विचारणा करावयाची झाल्यास ती सावजापासून सुरू न करता दोरापासून करावी लागेल. तो कशाचा वळला, किती पदरी होता, पावसात सैल पडला म्हणजे काय करीत आणि बैल किती वयाचा असताना शिकवावयास घेत, हे प्रश्न आधी यावयास हवेत.