भूसपाटीकरणातील उंची-समायोजन
भूसपाटीकरणातील उंची-समायोजन : पाटाचे पाणी शेतात सारखे पसरावे म्हणून जमिनीवरील बिंदूंच्या मोजलेल्या उंच्यांवरून नियोजित उंच्या ठरविणे आणि खोदाई व भराव यांचा मेळ बसेपर्यंत त्या बदलत जाणे, यास उंची-समायोजन म्हणतात. बैलांच्या केणीने माती ओढून जमीन सारखी करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तीत पाणी हेच मोजमापाचे साधन असे.

आकडेमोडीची पद्धत विसाव्या शतकातील होय. भारतात अचूक तलेक्षणास १८५८ मध्ये आरंभ झाला. पुढे नऊ बंदरांतील सरासरी समुद्रसपाटी आधार मानून १९०९ मध्ये त्याच्या जाळ्याचे समायोजन करण्यात आले. शेतजमिनीसाठी अमेरिकेत सी. व्ही. गिव्हन यांनी १९४० मध्ये लघुतम वर्ग पद्धती मांडली. शेताचे चौकोन पाडून प्रत्येक बिंदूची उंची घेतात. शेताच्या मध्यबिंदूवर या उंच्यांची सरासरी धरून काढलेल्या कोणत्याही उताराच्या प्रतलात खोदाई व भराव तत्त्वतः समान येतात. परंतु भरावाची माती दबते, म्हणून खोदाई अधिक धरावी लागते व प्रतल किंचित खाली घ्यावे लागते. एक हेक्टर क्षेत्रात प्रतल १ सेंमी. उतरविल्यास हिशोबात १०० घ.मी. मातीचा फरक पडतो.

नासिकजवळ गोदावरीवर गंगापूरचे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. अशा धरणाच्या लाभक्षेत्रात पाटाची पातळी ठरलेली असते. शेताचा माथा तिच्या वर राहिल्यास गणिताने निर्दोष असलेले प्रतलही कोरडे राहते. शेताची मोजणी पुष्कळदा १०० मी. या कल्पित उंचीपासून करतात, तर पाटाची उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते. दोहोंतील फरक प्रत्येक बिंदूत सारखाच मिळवावा लागतो. काही बिंदू सुटल्यास नकाशावर नसलेली पायरी उमटते.

खरी अडचण मात्र मातीची आहे. दख्खनच्या पठारावर नदीकाठी काळी जमीन खोल असते, तर चढावर थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. सरासरी प्रतल नेमके चढावरच सर्वाधिक खोदाई सुचविते. तसे केल्यास पाणी पोहोचते, पण पीक येत नाही. यासाठी शेताचे दोन टप्पे पाडणे, निवडक बिंदूंच्या उंच्या वाढविणे किंवा वरची माती बाजूस काढून काम झाल्यावर पुन्हा पसरणे, हे उपाय करतात. तिसरा खर्चिक, तरी बहुधा तोच हितावह.

संगणकाच्या आज्ञावलीत बिंदू त्रिकोणांनी जोडलेले असतात. एका बिंदूची उंची बदलताच त्यास लागून असलेले सर्व त्रिकोण व घनफळ तत्काळ बदलतात. मातीची खोली वेगळी पुरविल्याखेरीज आज्ञावलीस ती ठाऊक नसते. लेसर किरणांवर चालणारे सपाटीयंत्र भारतात २००१ मध्ये आले. नासिकच्या गंगापूर रोडलगतची शेती बरीचशी वस्तीखाली गेली आहे. तेथील भूखंडांच्या आराखड्यांत उंच्यांचे समायोजन चालूच असते. मात्र आता ते पावसाचे पाणी आवारात न साचता गटारात जावे म्हणून करतात.