महापुरात नळ बंद पडला तर? घरात पिण्याचं पाणी किती आणि कसं साठवावं?

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे, तेव्हा पाणी 55 फुटांवर गेलं. कोल्हापुरात पाणी उपसा केंद्रंच बुडाली आणि ज्यांच्या घरात पूर आला नव्हता, त्यांचेही नळ कोरडे पडले. जुलै 2021 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. उपसा केंद्रं नदीकाठी असल्याने महापुरात सर्वांत आधी फटका त्यांनाच बसतो. वीज गेली की घरातला प्युरिफायरही बंद पडतो.

किती साठवायचं?
पिणं, स्वयंपाक आणि दात घासणं यासाठी माणशी रोज साधारण 4 लिटर पाणी लागतं. किमान तीन दिवसांची सोय हवी. म्हणजे चार जणांच्या घराला 48 लिटर, साधारण अडीच जार.

कशात साठवायचं?
घट्ट झाकणाचं स्टीलचं पिंप किंवा खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिक कॅन घ्या. कीटकनाशक, रंग किंवा ऑइलचा जुना कॅन कितीही धुतला तरी वापरू नका. तोटी असलेलं भांडं उत्तम. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं वापरा, पाण्यात हात घालू नका.

शुद्ध कसं करायचं?
गढूळ पाणी आधी निवळू द्या, स्वच्छ कापडाने गाळा. मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा.

उकळल्याने जंतू मरतात, पण डिझेल किंवा कीटकनाशक जात नाही. त्यामुळे पुराचं पाणी शिरलेली विहीर, बोअर किंवा जमिनीखालची टाकी स्वच्छ आणि निर्जंतुक केल्याशिवाय त्यातलं पाणी पिऊ नका. गच्चीवरच्या टाकीत पूर येण्याआधी भरलेलं पाणी मात्र उपयोगी पडतं. त्यात खालचं दूषित पाणी चढू नये म्हणून मोटर बंद ठेवा.

डेंग्यूचं काय?
डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून झाकण घट्ट ठेवा आणि आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून, घासून, कोरडं करून पुन्हा भरा. काढलेलं पाणी धुण्याभांड्याला वापरता येतं.

पुराचा इशारा मिळाल्यावर नळाला पाणी असेपर्यंतच भांडी भरून घ्या. लहान मुलं, गरोदर महिला किंवा आजारी माणूस घरात असेल, तर पाणी थोडं जास्तच ठेवा.